गॅलरीतला फड्या निवडुंग मूळचा कुठला?

मंडळी, ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, गॅलरीच्या ग्रिलमध्ये तुळस-कोरफडीशेजारी आता फड्या निवडुंगाचे नाना प्रकार दिसतात. कुणाकडे सशाच्या कानांसारखा, कुणाकडे पिवळ्या फुलांचा, कुणाकडे बिनकाट्यांचा. छंद छानच आहे. पण या झाडाचा इतिहास माहीत असायला हवा.

‘निवडुंग’ हे नाव आपलं, जुनं. चीक येणाऱ्या काटेरी झाडांना आपण ते देत आलो. फड्या मात्र अमेरिका खंडातला पाहुणा. नागाच्या फड्यासारखी पानं, म्हणून फड्या. खरं तर ती पानं नाहीत, खोडच आहे.

ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग हवा होता. तो फड्यावर जगणाऱ्या किड्यापासून मिळतो आणि त्यात स्पेनची मक्तेदारी होती. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यानं रिओ दि जानेरोहून कलकत्त्याला किडे आणले. निघाली भलतीच जात! रंग हलका मिळाला आणि किड्यानं फड्याची एक जातच फस्त केली.

दुसऱ्या जातीला मात्र तो किडा शिवला नाही. ती कुंपणातून सुटली आणि माळरानं, गायरानं व्यापत गेली. दुष्काळात काटे भाजून जनावरांना घालायला लोकांना तीच कामी आली, हेही खरं. शेवटी १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा आणला गेला आणि पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातलं हजारो एकरांवरचं रान साफ झालं.

आता चक्र पुन्हा फिरतंय. २०२२ पासून केंद्र सरकार पाणलोट योजनेत बिनकाट्यांच्या निवडुंगाला प्रोत्साहन देतंय. उरुळी कांचनला बाएफ ही संस्था चाऱ्यासाठी त्यावर काम करते. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा आधार होऊ शकतो. पण कुठली जात, कुठे लावली, याची नोंद ठेवायलाच हवी. कंपनीनं नेमकी तिथेच माती खाल्ली होती.

आपल्यासाठीही एवढंच. जास्त झालेला किंवा तुटलेला फडा येऊरच्या वाटेवर, मलंगगडाच्या पायथ्याशी, खाडीकाठी टाकू नका. एक तुकडा मातीला टेकला तरी मूळ धरतो. मित्राला द्या, कुंडीवर जातीचं नाव लिहा. आणि हो, सशाच्या कानांना लहान मुलांचे हात लागू देऊ नका. काटे दिसत नाहीत, पण ती बारीक कुसळं बोटांतून निघता निघत नाहीत.

तुमच्याकडे कुठली जात आहे? कमेंटमध्ये फोटो टाका.