आयांना विचारलं, म्हणून कळलं

लहान मुलाच्या पोटात गाठ हाताला लागली, तर डॉक्टर बहुधा आधी सोनोग्राफी करायला सांगतात. मोठ्या मशीनवर तपासणी लगेच का नाही, असं आईच्या मनात येतं. त्यामागची गोष्ट इंग्लंडमधली आहे, सत्तर वर्षांपूर्वीची. तिचा एक धागा मुंबईत आहे.

त्या काळी तिथे दोन ते चार वर्षांची मुलं ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं, दगावत होती आणि कारण उमगत नव्हतं. ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांना वाटलं, डॉक्टरांच्या ध्यानात न राहिलेलं काहीतरी आयांना आठवत असेल. त्या स्वतः दोन मुलांच्या आई होत्या. हा विचार इतका साधा, पण तोवर कुणी केला नव्हता!

पैसा मात्र मिळेना. शेवटी एक हजार पौंड दिले ते लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टनं. मेहरबाई टाटा, मुलींच्या शिक्षणासाठी आणि बालविवाहाविरुद्ध झटलेल्या, 1931 साली ल्युकेमियानंच गेल्या. पती दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं हा ट्रस्ट काढला. मुंबईतल्या एका बाईच्या आठवणीचा पैसा असा इंग्लंडमधल्या आयांपर्यंत पोचला.

1953 ते 1955 या काळात कॅन्सरनं गेलेल्या, दहा वर्षांखालच्या मुलांच्या आयांना गावोगावच्या आरोग्य खात्यातल्या डॉक्टरांनी जाऊन प्रश्न विचारले. त्याच वयाच्या धडधाकट मुलांच्या आयांनाही तेच प्रश्न. गरोदरपणी काय खाल्लंत, कोणता आजार झाला, एक्स-रे काढला होता का? 1956 साली निष्कर्ष छापून आला. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढल्याचं सांगणाऱ्या आया, मूल गमावलेल्यांमध्ये जवळजवळ दुप्पट होत्या.

तेव्हा बाळ आडवं आहे का, जुळं आहे का, कटीची हाडं पुरेशी रुंद आहेत का, हे बघायला सर्रास एक्स-रे काढत. त्यामुळे विरोध झाला. म्हणणं असं, की मूल गेलेली आई दुःखात जुनं उगाळत बसते, तिला जास्त आठवतं. मला हा आक्षेप अगदीच खोटा वाटत नाही; माणसाचं मन तसं असतंच. पण 1962 साली अमेरिकेत ब्रायन मॅकमेहन यांनी आयांना न विचारता इस्पितळांतले कागद तपासले. धोका तिथे थोडा कमी दिसला, पण दिसला. आयांची आठवण खरी ठरली.

दरम्यान ग्लासगोत इयन डोनाल्ड यांनी आवाजाच्या लहरींनी पोटातलं बघण्याची रीत 1958 साली मांडली होती. तीच आपली सोनोग्राफी. गरोदर बाईच्या पोटाचा एक्स-रे हळूहळू मागे पडला.

कॅन्सर झालेल्या मुलांच्या तपासणीतही ही सावधगिरी आली. किडनीची गाठ आधी सोनोग्राफीत बघतात. मेंदूच्या गाठीसाठी एमआरआय. त्यात चुंबक असतो, एक्स-रे नसतात, पण बराच वेळ न हलता पडून राहावं लागतं, म्हणून लहानग्यांना बहुतेकदा औषध देऊन झोपवतात. सीटी म्हणजे अनेक बाजूंनी घेतलेले एक्स-रेच, त्यामुळे मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा कमी ठेवायची असते. लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे लिम्फोमात, पेट स्कॅन काढतात. थोडी किरणोत्सारी साखर टोचली की जिवंत गाठ ती जास्त ओढून घेते आणि चित्रात उजळ दिसते. केमोचा गुण येतोय का, हे त्यावरून समजतं.

हे ऐकून कुणी सीटीला नकार देऊ नका हं. गरज असताना स्कॅन टाळला, तर त्याचा धोका कितीतरी मोठा. मात्र हे सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसेल का, असं विचारायला हरकत नाही. आणि जाताना आधीच्या फिल्म, सीडी, रिपोर्ट पिशवीत घालून न्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ टळू शकते.