नावेवरील कीटकांचा बंदोबस्त : गोदा-प्रवरेकाठची जुनी वहिवाट

आमच्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी आजवर स्मरणिकांतून पुष्कळ लिहून आले आहे. कुळे, देवके, वतने आणि पुरात दाखविलेले पराक्रम यांची चर्चा वाचकांस परिचित आहे. परंतु ज्या नावेवर आपल्या वाडवडिलांचा संसार चालला, ती नाव वर्षभर सांभाळावयाची कशी, हा घरगुती विषय कोणी हाती घेतलेला दिसत नाही. त्यातही गांधीलमाशी, कोळी, वाळवी, विंचू अशा बिनभाड्याच्या उतारूंस नावेबाहेर ठेवणे ही एक स्वतंत्र विद्या होती. ती जाणणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, समुद्रापासून दूर. येथे नावेचे काय काम, असे परक्या माणसास वाटेल. पण उत्तरेस व ईशान्येस गोदावरी ही या जिल्ह्याची सीमा आहे आणि १९४८ पर्यंत ती नुसती जिल्ह्याची नव्हे, दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे गंगापूर-वैजापुराकडील निजामाचा. सोयरीक दोन्ही तीरांवर, शेती दोन्ही तीरांवर, मध्ये पाणी. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग झाला आणि कोपरगाव तालुक्यात आगगाडी गोदावरी ओलांडू लागली, तरी गावोगावच्या माणसास पावसाळ्यात तरीवाचून गत्यंतर नव्हते. १८६८ च्या मुंबई कायद्याने सार्वजनिक तरींचे नियमन सरकारकडे गेले व त्यांचे मक्ते देण्याची पद्धत रूढ झाली. मक्ता कोणाच्याही नावे असो, वल्हे मात्र कोळी व भोई बांधवांच्याच हाती राहिले.

या नद्यांची रीत अशी की, उन्हाळ्यात पाणी आटे. मग नाव ओढून काठावर आणीत आणि एखाद्या लिंबाखाली पालथी घालून ठेवीत. खरी अडचण येथेच उत्पन्न होई. पालथी नाव म्हणजे थंड, अंधारी, वाऱ्यापासून सुरक्षित अशी ओसरीच. गांधीलमाशीस पोळे टांगावयास फळी आयती मिळे, कुंभारमाशीस ओला चिखल नदीच्या काठी हाताशी असे, आणि कोळी तर प्रत्येक कोनाड्यात जाळे विणून बसे. (आपले आणि या अष्टपादाचे नाव एकच, दोघेही जाळी टाकून पोट भरतात. आमचे आजोबा म्हणूनच कोळिष्टके झाडीत, पण कोळी मारू देत नसत. "भाऊबंद आहे, त्याला दुसरीकडे बिऱ्हाड करू दे," असे म्हणत.)

हे सर्व प्राणी नावेत एकट्याने येत नाहीत, एकामागून एक येतात, ही गोष्ट जुन्या लोकांनी बरोबर हेरली होती. रात्री नावेवर कंदील टांगला की पाण्यावरची चिलटे व पाकोळ्या त्याभोवती जमतात. चिलटांच्या आशेने कोळी येतो. कुंभारमाशीची एक जात आपल्या पिलांसाठी कोळीच पकडते. त्यास डंख मारून निश्चेष्ट करते आणि मातीच्या घरट्यात कोंडून त्यावर अंडे घालते. म्हणजे कंदील कोठे टांगावा, येथूनच बंदोबस्तास आरंभ होतो. आमच्या घरी कंदील नावेवर कधीच नसे. काठावर बऱ्याच अंतरावर एक खांब पुरलेला असे, त्यावर तो लावीत. चिलटे तिकडे, कोळी तिकडे, आणि नाव मोकळी. ही युक्ती कोणत्या पुस्तकात पाहून केलेली नव्हती.

कुंभारमाशीची दुसरी जात कोळ्याऐवजी अळ्या कोंडते. घरट्यात गेली अळी आणि बाहेर पडली माशी, हे पाहून आपल्या पूर्वजांनी भ्रमरकीटन्याय सांगितला : ध्यास घेतला म्हणजे ध्याता ध्येयरूप होतो. ज्या नेवाशास प्रवरेच्या काठी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या भागात हा दृष्टान्त कीर्तनातून कोणी ऐकला नाही असा माणूस विरळा. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत कोळीही आहे आणि ही अळी कोंडणारी माशीही आहे. त्याच स्कंधावर पैठणच्या एकनाथ महाराजांनी टीका लिहिली आणि ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीस पूर्ण केली. कीटकशास्त्राने पुढे दाखविले की अळीची माशी होत नाही, माशीचे पिलू अळीस खाऊन वाढते. दृष्टान्ताचे मोल याने कमी होते असे आम्हांस वाटत नाही. मात्र नाव साफ करणाराने घरटे फोडताना शास्त्राचेच ऐकावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नाव पालथी घालताना ती मातीवर टेकू द्यावयाची नाही, दगडांवर उचलून धरावयाची, म्हणजे वाळवीस थेट वाट मिळत नाही. भोवती चुलीतील राख पसरावयाची. सांध्यांत डांबरात भिजविलेली कापसाची वात ठोकावयाची. भेग बुजली की पाणीही थांबते आणि किड्याचे घरही. आतल्या अंगास करंजाचे तेल, आणि जेथे वाळवीचा संशय तेथे बिब्ब्याचे तेल. बिबा अंगास लागला तर फोड येतात, म्हणून हे काम मुलांकडे नसे. दर आठ दिवसांनी नावेखाली वाकून पाहावयाचे. गांधीलमाशीचे पोळे प्रथम रुपयाएवढे असते आणि त्यावर बहुधा एकच मादी असते. तेव्हा ते काठीने पाडले की काम भागते. महिना गेला की तेच पोळे ताटलीएवढे होते, आणि मग पहाटे अंधारात, माश्या पोळ्यावर निजलेल्या असताना, गोवरी व कडुनिंबाचा ओला पाला यांची धुरी द्यावी लागते. नाव उलथण्यापूर्वी ही धुरी दिल्यावाचून ती पाण्यात लोटावयाची नाही, असा दंडक होता.

हा दंडक एकदा मोडला. पानशेत फुटले त्या १९६१ च्या पावसाळ्यातील ही गोष्ट. पाणी लवकर चढले, बाजाराचा दिवस होता, पलीकडे माणसे खोळंबली होती. लोकांच्या आग्रहास्तव आजोबांनी धुरी न देताच नाव लोटली. पुढच्या टोकाच्या फळीखाली पोळे होते. मध्यधारेत कोणाचा पाय त्या फळीवर आपटला आणि माश्या उठल्या. उतारू एका अंगास धावले, नाव कलली, काठावरून पाणी आत आले. "बसा! कोणी उठायचं नाही! खाली बसा!" असे ओरडत आजोबांनी वल्हे सोडले नाही, त्यांच्या मानेवर व कानावर माश्या बसलेल्या आम्ही स्वतः पाहिल्या. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे असू. माणसे सुखरूप पोहोचली. एका बाईची शेळी आणि दोन पोती धान्य गेले. आजोबांनी त्या दिवसाचे भाडे घेतले नाही, आणि शेळीचे व धान्याचे पैसे सुगीपर्यंत फेडले. आजीने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मात्र पुढील वर्षापासून धुरी ती स्वतः देऊ लागली.

समुद्रावरील बांधवांच्या मानाने आपले दुःख लहान, हेही सांगितले पाहिजे. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. त्याने कोलंबसाची जहाजे अशी चाळण केली की १५०३ मध्ये त्यास ती जमेकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ मध्ये त्यावर तांब्याचा पत्रा मारून पाहिला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चुना व तेल यांचा लेप बुडाशी देत. गोड्या पाण्यात हा शत्रू नाही, ही गोदामाईची कृपाच.

१९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाची देशव्यापी मोहीम निघाली आणि घरोघरी डीडीटी फवारले जाऊ लागले. ते नावेतही मारावे, असे पुष्कळांस वाटे. आजोबांचा त्यास विरोध होता; जे नावेत ते पाण्यात, आणि जे पाण्यात ते माशात, असा त्यांचा साधा हिशेब. डीडीटी माशांच्या चरबीत साठून राहते, हे पुढे सर्वमान्य झाले. आज बाजारात मिळणाऱ्या फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड असते. ते माणसास तितकेसे बाधत नाही, पण अत्यल्प प्रमाणातही मासळीस मारक आहे. होडी धुतली की ते जलाशयात उतरते. ज्यांचे पोट मासळीवर, त्यांनी ते होडीत वापरणे म्हणजे स्वतःच्या ताटात माती कालविणे होय.

गोदावरीचे रूप १९७६ पासून पालटले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या जायकवाडी धरणाचे त्या वर्षी इंदिरा गांधींनी लोकार्पण केले आणि नेवासे व शेवगाव तालुक्यांतील काठ नाथसागराच्या पाण्याखाली गेला. आमचा लिंब, तो खांब व जुनी तर त्यातच गेली. वरच्या अंगास प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६ सालीच पुरे झाले होते. तेथे होड्या आता सहलीच्या लोकांसाठी चालतात. लाकडाऐवजी फायबर आले, वल्ह्याऐवजी यंत्र आले. वाळवीचे भय गेले, पण गांधीलमाशीस फायबरची पोकळीही चालते आणि कुंभारमाशी यंत्राच्या नळीचे तोंड मातीने बंद करते. यंत्र चालू होत नाही म्हणून कारागिराकडे धाव घेण्यापूर्वी त्या नळीत काडी घालून पाहावी. न वापरत्या दिवसांत तिच्या तोंडास फडके बांधावे, आणि ताडपत्रीखाली हात घालण्याआधी ती काठीने उचलून खाली वाकून पाहावे.

आजोबांची धुरीची मातीची शेगडी आमच्याकडे अद्याप आहे. तिचा एक कान तुटला आहे. ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या घरी अशी शेगडी, डांबराचे भांडे किंवा सांधे ठोकण्याची पाचर असेल, त्यांनी ती मोडीत घालण्यापूर्वी मंडळास कळवावे.