जुन्नरच्या बोरी गावात इंडोनेशियातल्या ज्वालामुखीची राख कशी आली? आणि तिच्या वयावरून एवढा वाद का?

माळशेज घाट चढून आलं की कल्याण-अहिल्यानगर महामार्ग मढ, ओतूर, पिंपरी पेंढार करत आळेफाट्याला पोहोचतो. टोमॅटो, कांदा, ऊस आणि अलीकडे बिबट्याच्या बातम्या, या भागाची ओळख साधारण एवढीच. पण आळेफाट्यावरून दक्षिणेला वळलं की कुकडी नदी लागते आणि तिच्या काठावर बोरी बुद्रुक नावाचं गाव. इथे नदीने आणि ओढ्यांनी कापून काढलेल्या काठात मातीचे थर उघडे पडले आहेत. त्या थरांत मध्येच राखाडी-पांढरट पट्टा दिसतो. तो मातीचा नाही. ती ज्वालामुखीची राख आहे आणि ज्या ज्वालामुखीतून ती उडाली, तो इथून सुमारे सव्वातीन हजार किलोमीटर लांब, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर आहे.

आता कुणी म्हणेल, महाराष्ट्र तर ज्वालामुखीच्याच दगडावर उभा आहे, मग राख सापडली यात नवल काय?

नवल असं की सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्यानंतर इथले ज्वालामुखी कधीच शांत झाले. कुकडीच्या काठचा गाळ त्या मानाने अगदी कालपरवाचा. त्यात ताजी राख पडायला आसपास पेटता ज्वालामुखीच नव्हता. दुसरं म्हणजे दोन्हींची घडण वेगळी आहे. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण निम्मी असते, बोरीच्या राखेत ती पाऊण भागाच्या आसपास भरते. सूक्ष्मदर्शकाखाली ही राख म्हणजे चक्क काचेचे तुकडे दिसतात, फुटलेल्या बुडबुड्यांच्या कडांसारखे पातळ आणि वाकडे. उकळता, वायूने फुगलेला शिलारस क्षणात फुटून गोठला की असे कण तयार होतात. दख्खनच्या लाव्हारसाचा हा स्वभाव नव्हे.

हातकुऱ्हाडी शोधायला गेले आणि राख सापडली

महाराष्ट्रातल्या नद्यांच्या गाळात आदिमानव शोधायचा नाद पुण्याच्या डेक्कन कॉलेजला ह. धी. सांकलियांनी लावला. प्रवरेकाठचं नेवासे हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. पुढे शरद राजगुरूंसारख्या भू-पुरातत्त्वज्ञांनी नुसती हत्यारं गोळा न करता ती कोणत्या थरात आहेत, तो थर नदीने कधी आणि कशा हवामानात टाकला, असे प्रश्न विचारायला सुरुवात केली. भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे, राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली बोरीतल्या अश्यूलियन स्थळाची नोंद प्रसिद्ध केली. अश्यूलियन म्हणजे दगडी हातकुऱ्हाडींची जुनी संस्कृती. बदामाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी छिलून धार काढलेली ही हत्यारं आफ्रिकेपासून भारतापर्यंत सापडतात.

बोरीत हत्यारांच्या जोडीला राखेचा थरही होता आणि संशोधकांच्या दृष्टीने ही लॉटरीच होती. नुसत्या दगडी हत्याराचं वय काढता येत नाही, कारण दगड फोडला कधी हे दगड सांगत नाही. राखेचं मात्र काढता येतं. राख हत्यारांच्या वर असेल तर हत्यारं तिच्याहून जुनी, इतका सरळ हिशेब.

सरळ वाटला होता, एवढंच.

एकच राख, वयं पाच

१९८९ साली रवी कोरिसेट्टर, शीला मिश्रा, राजगुरू आणि सहकाऱ्यांनी बोरीच्या राखेचं वय जाहीर केलं: सुमारे १४ लाख वर्षं. हे खरं असतं तर कुकडीकाठचा माणूस भारतातल्या सर्वांत जुन्या माणसांत जमा झाला असता. १९९३ साली दुसऱ्या एका गटाने मोजणी केली, उत्तर आलं ५ लाख ४० हजारांच्या आसपास. १९९५ साली आर्गॉन पद्धतीने पुन्हा मोजलं, ६ लाख ७० हजार.

याच काळात भूशास्त्रज्ञांचा एक वेगळाच सूर लागला होता. आचार्य आणि बसू यांनी १९९३ साली मांडलं की भारतातल्या नद्यांच्या गाळात ठिकठिकाणी सापडणारी ही राख एकाच स्फोटाची आहे, सुमात्रातल्या टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची. म्हणजे वय जेमतेम ७५ हजार वर्षं. काचेच्या कणांचं रसायन तपासणाऱ्या जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली हेच ठासून सांगितलं. विशेष म्हणजे त्याआधीच्या १९९५च्या रासायनिक अभ्यासात १४ लाखांचं वय जाहीर करणारे कोरिसेट्टरही सहलेखक होते. पुरावा बदलला तर मत बदलावं, हे शाळेत शिकवतात. असं करून दाखवणारे कमीच.

पण १४ लाख कुठे आणि ७५ हजार कुठे! एवढी चूक कशी होते?

याचं उत्तर सह्याद्रीतच आहे. पोटॅशिअम-आर्गॉन पद्धतीत खनिजातल्या पोटॅशिअमपासून हळूहळू साठत गेलेला आर्गॉन वायू मोजतात. जितका आर्गॉन जास्त, तितकं वय जास्त. आता कुकडी वाहते ती बेसॉल्टवरून. तिच्या गाळात बेसॉल्टचे बारीक कण असणारच आणि त्या प्रत्येक कणात सहा-साडेसहा कोटी वर्षांचा आर्गॉन भरलेला. बेसॉल्टमध्ये पोटॅशिअम राखेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकंच असतं हे धरलं, तरी शंभर भाग नमुन्यात एक भाग बेसॉल्ट मिसळलं की ७५ हजार वर्षांची राख दीड लाखाच्या आसपास वय दाखवू लागते. दुधात पाण्याऐवजी बासुंदी पडावी तसा हा प्रकार.

एवढ्याने वाद मिटला असं मात्र नाही. पुरातत्त्वज्ञांचा आक्षेपही वजनदार आहे. चेन्नईजवळच्या अत्तिरामपक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी हातकुऱ्हाडींचं वय सुमारे १५ लाख वर्षं काढलं आहे आणि तिथे पावणेचार लाख वर्षांपूर्वीच पुढच्या टप्प्याची, लहान आणि नेमकी हत्यारं दिसू लागतात. मग बोरीच्या हातकुऱ्हाडी ७५ हजार वर्षांपूर्वीच्या राखेशी जोडायच्या कशा? टोबा एकदाच फुटलेला नाही, हेही लक्षात घ्यावं लागतं. सुमारे आठ लाख वर्षांपूर्वी आणि पाच लाख वर्षांपूर्वीही त्याचे मोठे उद्रेक झाले होते. बोरीची राख त्या आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असावी, असं मत २००४ सालीही मांडलं गेलं. दोन उद्रेकांच्या काचेचं रसायन बरंच मिळतंजुळतं असल्याने हा गुंता सुटायला वेळ लागतो.

आणि यात नदीने आपला खोडकरपणा केलेला आहेच. नदी नेहमी थरावर थर नीट रचत बसत नाही. ती जुना काठ कापते, त्यात नवी घळ पाडते, पुढे ती घळ नव्या गाळाने भरते. लाखो वर्षांपूर्वीची हातकुऱ्हाड पुरात निसटून हजारो वर्षांपूर्वीच्या वाळूत येऊन बसू शकते. त्यामुळे राखेखाली हत्यार सापडलं, म्हणजे दोन्ही एकाच काळातली, असं लगेच म्हणता येत नाही. बोरीचा खरा प्रश्न राखेच्या वयाइतकाच कुकडीच्या वागण्याचा आहे.

टोबा म्हणजे काय चीज आहे?

सुमात्राच्या उत्तरेला आज टोबा नावाचा सुंदर तलाव आहे, सुमारे १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद. हा तलाव म्हणजे त्या ज्वालामुखीचा खचलेला खड्डा. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटात किमान २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला असा अंदाज आहे. इतिहासातला सर्वांत मोठा नोंदलेला उद्रेक म्हणजे इंडोनेशियातलाच टांबोरा, १८१५चा. त्याच्यामुळे पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. टोबा त्याच्या कितीतरी पट मोठा होता.

राख भारतावर आली ती उंच हवेतल्या वाऱ्याने. पावसाळ्यात आपल्याला जाणवणारे वारे नैऋत्येचे असले, तरी सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरदार झोत वाहत असतो. त्यावरून हा स्फोट पावसाळ्याच्या दिवसांत झाला असावा, असा काही संशोधकांचा कयास आहे. आभाळातून पडलेला मूळ थर भारतात फार तर काही सेंटिमीटरचा असेल. पण पुढच्या पावसाने डोंगरउतारांवरची राख धुऊन ओढ्यांत, ओढ्यांनी नदीत आणली आणि वळणावळणांवर ती साचली. म्हणून नदीकाठी ती जाड सापडते, माळावर बहुधा नाहीच. मध्य प्रदेशातलं सोन नदीचं खोरं, आंध्रातलं ज्वालापुरम, पुणे जिल्ह्यातच कऱ्हेकाठचं मोरगाव, सगळीकडे गोष्ट हीच. अष्टविनायकातल्या मोरगावला जाणाऱ्या भाविकांना याची कल्पना क्वचितच असते.

राखेने नव्हे, गंधकाने थंडी येते

ज्वालामुखीमुळे पृथ्वी थंड होते म्हटलं की राखेने सूर्य झाकला असं चित्र डोळ्यांपुढे येतं. राख तर काही दिवस-आठवड्यांत खाली बसते. खरं काम करतो सल्फर डायऑक्साइड. तो फार उंच गेला की त्याचे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि ते वर्ष-दोन वर्षं वर तरंगत सूर्यप्रकाश परतवत राहतात. १९९१ साली फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला तेव्हा पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरलं होतं.

नदीकाठच्या माणसाने मात्र तापमानापेक्षा पिनाटुबोचा दुसरा परिणाम पाहावा. त्यानंतरच्या वर्षभरात जगभरात जमिनीवर पडणारा पाऊस घटला आणि नद्यांतून समुद्राला जाणारं पाणीही लक्षणीय कमी झालं. कारण सोपं आहे: ऊन कमी, तर बाष्पीभवन कमी, जमीन कमी तापली, तर समुद्रावरून येणारे वारे मंद. मान्सूनवर जगणाऱ्या कुकडीसारख्या नदीला हे थेट लागू पडतं. आज तापमानवाढ रोखायला मुद्दाम उंच हवेत गंधकाचे कण सोडावेत अशी सूचना जगात चर्चेत आहे, तेव्हा तिच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेपही हाच आहे, की मान्सूनचं काय होणार?

टोबाने नेमकी किती थंडी आणली यावर एकमत नाही. संगणकी प्रारूपांची उत्तरं साडेतीन अंशांपासून दहा अंशांहून जास्तपर्यंत पसरलेली आहेत. २००९ साली मार्टिन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी बंगालच्या उपसागरातल्या गाळातले परागकण आणि मध्य भारतातल्या राखेखालच्या-वरच्या मातीतला कार्बन तपासून सांगितलं, की राखेनंतर झाडी विरळ होऊन गवताळ, कोरडा प्रदेश वाढला. उलट पूर्व आफ्रिकेतल्या मलावी तलावात, टोबापासून सात हजार किलोमीटरवर, राखेचे कण सापडूनही २०१३च्या अभ्यासाला थंडीची ठळक खूण मिळाली नाही. म्हणजे सगळीकडे सारखंच संकट नव्हतं.

मग माणसं मेली का?

१९९८ साली स्टॅन्ली अँब्रोज यांनी मांडलं होतं की टोबाच्या हिवाळ्यात मानवजात नष्ट होता होता वाचली. समाजमाध्यमांवर आजही ही गोष्ट पक्की माहिती म्हणून फिरते. पुरावा मात्र तिच्या बाजूने फारसा राहिलेला नाही आणि त्यातला मोठा भाग भारतातल्याच नदीकाठांवरून आलेला आहे. २००७ साली मायकेल पेट्राग्लिया, कोरिसेट्टर आणि सहकाऱ्यांनी ज्वालापुरमला राखेच्या खाली आणि वर सारख्याच घडणीची हत्यारं दाखवली. २०२० साली सोन खोऱ्यातल्या ढाबा इथून सुमारे ८० हजार ते ६५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत हत्यारांची साखळी अखंड असल्याचं प्रसिद्ध झालं. राख पडली, झाडी उतरली, पाणी गढूळ झालं, तरी माणसं तिथेच होती किंवा लवकरच परतली. अर्थात ती हत्यारं आपल्या जातीच्या माणसाची होती की दुसऱ्या कुणाची, हे हाडांशिवाय ठरत नाही. त्या काळातली मानवी हाडं भारतात मिळालेली नाहीत.

बोरीत असं आधी-नंतरचं चित्र उभं करायचं तर ते काठ जागेवर राहायला हवेत. नदीकाठचे असे थर दर पुरात थोडे झिजतात, ते कुणी थांबवू शकत नाही. पण शेत सपाट करताना जेसीबी फिरला किंवा वीटभट्टीसाठी माती उचलली गेली की हजारो वर्षांचा क्रम एका दुपारी विस्कटतो. ज्वालापुरमला तर ही राख बारीक काचेचीच असल्याने खणून विकली जात होती, भांडी घासायच्या पावडरीसाठी.