पट्ट्याची रुंदी

इथे अमेरिकेत डॉक्टरकडे गेलं की आधी वजनकाटा. ताप असो, खोकला असो, बोट कापलेलं असो, नर्स पहिल्यांदा काट्यावर उभं करते. तीन वर्षांपूर्वी सौ.चा गुडघा सुजला म्हणून गेलो होतो. नर्सने कॉरिडॉरमधल्या काट्यावरचा आकडा चारचौघांत मोठ्याने वाचला. मग रक्तदाबाचा पट्टा. तो दंडाला पुरेना. ओढूनताणून बसवला, आकडा आला १५८. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, वजन उतरवा, गुडघा आपोआप थांबेल. गुडघ्याला हात काही लावला नाही. गाडीत बसल्यावर सौ. एवढंच म्हणाली, "परत मला इथे आणू नका."

मी इंजिनीअर माणूस, त्यामुळे मला पहिला राग आला तो पट्ट्याचा. दंडाच्या मानाने पट्टा अरुंद असेल तर रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हे डॉक्टरांच्या पुस्तकातच आहे. उपकरण चुकीचं आणि ठपका माणसावर! त्या चिडीत वाचत सुटलो आणि गाठ पडली आणखी एका इंजिनीअरशी.

बिल फॅब्रे हा न्यूयॉर्कचा तरुण इंजिनीअर. बायको लठ्ठ, आणि जग तिला जसं वागवत होतं ते त्याला सहन होईना. १९६७ साली 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये ल्यू लाउडरबॅक नावाच्या लेखकाचा लठ्ठ माणसांची बाजू घेणारा लेख आला. फॅब्रेने त्याच्या प्रती काढून ओळखीच्यांना वाटल्या. (आमच्या जातीचा माणूस, दुसरं काय करणार!) १९६९ मध्ये त्याने संघटना काढली, नाफा. नाव ऐकून हसू नका, इंग्रजी आद्याक्षरं तशी जुळली आहेत.

सुरुवातीला नाफा म्हणजे बरंचसं स्नेहमंडळच होतं. खरी ठिणगी पडली लॉस एंजेलिसच्या शाखेत. तिथल्या काही बायकांनी ग्रंथालयात बसून वैद्यकीय नियतकालिकं वाचायला घेतली. डॉक्टर सांगतात ते त्यांच्याच कागदात आहे का, हे तपासायला! १९५९ सालचा स्टंकार्ड आणि मॅक्लारेन-ह्यूम यांचा अभ्यास पाहा: न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात डाएटवर ठेवलेले १०० लठ्ठ रुग्ण, त्यातले २० पौंड उतरवून दोन वर्षांनीही तसेच राहिलेले फक्त २. म्हणजे उपाय बहुतेकांना लागू पडत नव्हता हे वैद्यकाला ठाऊक होतं, पण दवाखान्यात दोष रुग्णाच्या इच्छाशक्तीलाच. या बायकांची भाषा मुख्य संघटनेला झेपली नाही, तेव्हा त्या वेगळ्या झाल्या. नाव घेतलं 'फॅट अंडरग्राउंड'. १९७३ मध्ये जूडी फ्रीस्पिरिट आणि अल्डेबरन यांनी जाहीरनामा लिहिला. पुढच्याच वर्षी गायिका कॅस इलियट लंडनमध्ये ३२व्या वर्षी हृदयविकाराने गेली. सँडविच घशात अडकून मेली, अशी खोटी आवई उठली आणि ती आजही ऐकू येते. लठ्ठ बाईच्या मरणाचाही विनोदच.

आता तो आकडा, बीएमआय. त्याचं सूत्र १८३० च्या दशकातलं, आणि काढलं कोणी? केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने. त्याला 'सरासरी माणूस' हवा होता, कोणाचं औषधपाणी करायचं नव्हतं. अमेरिकेत 'आदर्श वजना'चे तक्ते १९४०च्या दशकात गाजवले ते मेट्रोपोलिटन लाइफ या विमा कंपनीने, आपल्याच पॉलिसीधारकांवरून. १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीझने केटलेचं सूत्र उकरून त्याला बीएमआय हे नाव दिलं. १९९८ मध्ये इथल्या सरकारी संस्थेने 'जादा वजना'ची रेषा साधारण २७ वरून २५ वर आणली आणि एका रात्रीत अडीच कोटींहून अधिक अमेरिकन जाड झाले, एकही घास जास्त न खाता!

लठ्ठपणाने मधुमेह, हृदयविकार वाढतात हे मी नाकारत नाही. आपल्या भारतीयांना तर ही रेषा २३ वरच लावावी असं तज्ज्ञ म्हणतात, कारण आपल्याकडे पोटाची चरबी लवकर छळते. आकडा उपयोगी आहे. पण तो पाहिला की पुढची तपासणी थांबते, तिथे माझं भांडण आहे. २०१८ मध्ये कॅनडातल्या एका बाईचा मृत्युलेख खूप फिरला. काही वर्षं बरं वाटत नव्हतं, डॉक्टर वजन उतरवा याखेरीज काही सुचवेनात, आणि निघाला कॅन्सर, तोही शेवटी. नुसत्या बीएमआयवर विसंबू नका, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ठराव करून म्हटलं ते २०२३ मध्ये.

आम्ही दुसरा दवाखाना शोधला. तिथे रुंद पट्टा होता, रक्तदाब आला १३४. डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवून, फिरवून पाहिला, एमआरआय काढायला लावला. आतली गादी फाटली होती. काटा त्यांच्या खोलीतच होता, दार लावून. नर्सने विचारलं, "आज वजन घेऊ का?" सौ.ने आधी माझ्याकडे पाहिलं, मी बाहेर जाऊन बसलो.

किती भरलं, ते मी अजून विचारलेलं नाही.