नटाचे गोंदण व खानदेशची गोंदणारीण

सिनेमातील नटनट्यांच्या अंगावरील गोंदणाचा अर्थ काय, याची चर्चा हल्ली वृत्तपत्रांतून मोठ्या उत्साहाने चालते. सैफ अली खान यांनी पत्नी करीना यांचे नाव देवनागरी अक्षरांत हातावर गोंदवून घेतले. अजय देवगण यांच्या छातीवर शंकराची आकृती आहे. शहरवासीयांना याचे नवल वाटते. फैजपूरकडील एखाद्या वृद्धेस मात्र ते वाटावयाचे नाही. प्रिय माणसाचे नाव आणि इष्टदेवतेचे चिन्ह हे गोंदणाचे जुनेच विषय होत.

उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी, यांमधील या मुलखात गोंदणारीण गावोगाव हिंडत असे. चारदोन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी, तीत कालविण्यास तेल किंवा पाल्याचा रस, एवढेच तिचे साहित्य. मुलगी रडू लागली की तिचे मन रमविण्यासाठी ती गाणे म्हणे. काम झाले की जखमेवर तेलहळद लावावयाची, आणि मोबदला पुष्कळदा धान्याचा. काजळी काळी असते. पण कातडीखाली बसली की तीच हिरवट निळी दिसते.

नक्ष्या ठरलेल्या असत. कपाळावर व हनुवटीवर ठिपके. हातावर तुळशीवृंदावन, सीतेची रसोई, विंचू. सातपुड्यातील भिल्ल स्त्रिया डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याशी खुणा गोंदवून घेत. काही दृष्ट टळावी म्हणून, काही शोभेसाठी. सगळ्यांचाच गूढ अर्थ शोधण्याची हौस विद्वानांनी जरा आवरावी हे बरे! परंतु एक समजूत सर्वत्र होती. सोनेनाणे येथेच राहते, गोंदण तेवढे आपल्याबरोबर येते. ज्या घरात बायकोचे डाग पहिल्या दुष्काळातच सावकाराकडे जात, तेथे ही समजूत भाबडी म्हणता येणार नाही. गोंदण गहाण पडत नसे.

आणि पतीचे नाव? ते उच्चारावयाचे नाही, अशी तेव्हाची रीत. उखाण्यात काय ते घ्यावयाचे. तरीही कित्येक स्त्रियांच्या हातावर ते नाव गोंदलेले असे. जिला अक्षरओळख नव्हती, तिने न वाचता येणारी अक्षरे आयुष्यभर अंगावर वागविली. नटाने गोंदविलेले नाव जगाने वाचावे म्हणून असते. हिचे पदराआड राही.

याच सुईचा दुसराही उपयोग झालेला आहे. बंगालमध्ये 1797 च्या कायद्यान्वये खोटी साक्ष, बनावट दस्तऐवज इत्यादी गुन्ह्यांबद्दल कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याची शिक्षा होती. ती 1849 मध्ये रद्द झाली. गोंदण हे ज्याने मागून घेतले त्याचे भूषण. लादले की तोच कलंक.

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावच्या साहित्यातून तेथील सजावट उभी केली आणि ग्रामीण कलेकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले. गोंदणाच्या वाट्याला मात्र असा मान आला नाही. मुली शाळेत जाऊ लागल्या, तसतसा हनुवटीवरचा ठिपका गावंढळपणाची खूण ठरला. रंगभूमीवर व पडद्यावर खेडवळ स्त्रीचे सोंग आणावयाचे, म्हणजे नटीच्या चेहऱ्यावर गोंदणाचे दोन ठिपके रंगवावयाचे. खेळ संपला की ती ते पुसून मोकळी. जिचे ते खरे होते, तिला ही सोय नव्हती. सुनेच्या माहेरची मंडळी आली की ती हनुवटीवर पदर ओढून घेई.

आता जत्रेत विजेच्या यंत्राने घटकाभरात नाव गोंदून मिळते. यंत्राच्या घरघरीत दुसरे काही ऐकू येत नाही. गोंदणारणीची ती गाणी कोणाला पाठ असतील, तर ती फक्त सत्तरी ओलांडलेल्या बायकांना.