पांढरा कुत्रा चालणार नाही!

राळेगणसिद्धी म्हटलं की आपल्याला अण्णा हजारे, पाणलोट आणि चराईबंदी आठवते. पण त्याच पारनेर तालुक्याच्या माळांवर धनगरांची मेंढरंही फिरतात. कळपासोबतच्या कुत्र्याचा रंग तिथे कुणी कागदावर लिहून ठेवत नाही. लांडगा आला की भुंकला आणि मेंढरं सोडून पळाला नाही, की झालं.

युरोपातही आधी कामाचाच हिशेब होता. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला सांगतो की मेंढपाळाने पांढरा कुत्रा पाळावा, म्हणजे अंधुक उजेडात लांडगा समजून आपल्याच कुत्र्यावर वार होत नाही. घराच्या राखणीला मात्र काळा, चोर टरकावा म्हणून. पटतं!

मग कागद आला. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्स या जर्मन अधिकाऱ्याने होरांड नावाचा कुत्रा विकत घेतला, संस्था काढली आणि वंशावळीच्या वहीत होरांडला पहिला नंबर दिला. आजचे जर्मन शेफर्ड त्याचेच वंशज. गंमत म्हणजे होरांडच्या आईचा बाप, ग्राइफ, पांढराच होता.

तरी १९३३ मध्ये जर्मनीत पांढरा रंग बाद ठरला. त्यानंतर कित्येक ब्रीडर पांढरी पिल्लं जन्मताच मारून टाकत. कारणं काय, तर रक्त कमअस्सल, अल्बिनो वगैरे. अल्बिनो कसले? नाक आणि डोळे चांगले काळेभोर-तपकिरी असतात.

आणि मारून उपयोगही नव्हता. पांढऱ्या रंगाचा जीन अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणार. एकेकच प्रत असलेली रंगीत जोडी बिनधास्त शोमध्ये मिरवते, आणि तिच्या सरासरी चार पिल्लांत एक पांढरं निघतं. दिसतं त्याला मारायचं आणि लपलेल्याला पदक द्यायचं, असला हा कारभार!

अमेरिकेतही १९६८ पासून शोमध्ये पांढरा बाद झाला, नोंदणी तेवढी चालू राहिली. पण १९६६ मध्ये जन्मलेला लोबो नावाचा एक अमेरिकन कुत्रा पुढे स्वित्झर्लंडला गेला आणि तिथे त्याचा वंश वाढला. १९९१ मध्ये स्विस वहीत या पांढऱ्यांची नोंद सुरू झाली, आणि २०११ मध्ये एफसीआय या जागतिक संस्थेने त्यांना कायमची मान्यता दिली. जात क्रमांक ३४७, रंग फक्त पांढरा.

त्याच संस्थेच्या जर्मन शेफर्डच्या नियमांत मात्र पांढरा आजही बाद आहे.