ऑक्सफर्ड शब्दकोशाचे बिनपगारी मानकरी

एप्रिल १८७९मध्ये इंग्लंडमधील ग्रंथालयांतून आणि पुस्तकांच्या दुकानांतून एक छापील आवाहन वाटले गेले. इंग्रजी बोलणाऱ्या आणि वाचणाऱ्या समस्त लोकांना ते उद्देशून होते. नव्या इंग्रजी शब्दकोशासाठी तीन वर्षे काम करतील असे एक हजार वाचक हवेत, अशी मागणी त्यात केलेली होती. काम सांगायला सोपे होते. एखादे पुस्तक नीट वाचायचे, लक्षात राहण्याजोगा शब्द ज्या वाक्यात आला असेल ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवायचे आणि ती चिठ्ठी टपालाने संपादकांकडे धाडायची. या कामाला वेतन नव्हते, मानधन नव्हते. तरीही ब्रिटन, अमेरिका आणि इंग्रजी वाचली जाणाऱ्या इतर अनेक देशांतून चिठ्ठ्यांचा ओघ सुरू झाला.

या परिश्रमांतून सिद्ध झालेला कोश आज ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ या नावाने ओळखला जातो. त्याचा इतिहास बहुधा संपादकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु मोबदल्याशिवाय राबणाऱ्या हजारो लोकांपैकी कोणाला मान मिळाला, तो कशामुळे मिळाला आणि कोणाच्या वाट्याला आला नाही, हा त्याच इतिहासाचा दुसरा भाग तितकाच उद्बोधक आहे.

कोशाची जुळवाजुळव

या कोशाची कल्पना १८५७ची. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच यांनी त्या वर्षी तत्कालीन शब्दकोशांतील उणिवा दाखवून दिल्या. प्रत्येक शब्दाचा पहिल्या आढळापासूनचा इतिहास प्रत्यक्ष ग्रंथांतील अवतरणांसह द्यावा आणि हे काम एकट्यादुकट्या विद्वानाच्या आवाक्यातले नसल्याने अनेकांच्या हातून करून घ्यावे, असा विचार त्यातून पुढे आला. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१मध्ये अकाली निवर्तले. त्यांच्यानंतर फ्रेडरिक फर्निव्हॉल यांनी उत्साहाने सूत्रे घेतली. परंतु काम विस्कळीत होत गेले. १८७९मध्ये मिल हिल येथील शाळेत शिक्षक असलेल्या जेम्स मरे यांच्याकडे संपादकपद आले, तेव्हा सुमारे दोन टन वजनाच्या चिठ्ठ्या त्यांच्या स्वाधीन करण्यात आल्या. एका अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन पडल्या होत्या. ‘पीए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या काही चिठ्ठ्या तर आयर्लंडमधील एका तबेल्यात सापडल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा चूल पेटवण्यात खर्ची पडलेल्या होत्या.

मरे यांनी घराच्या आवारात पत्र्याची खोली उभारली, तिच्या भिंतींना हजाराहून अधिक खण केले आणि चिठ्ठ्या लावायला घेतल्या. १८८५मध्ये ते ऑक्सफर्डला राहायला गेले. तेथील टपालाचा व्याप एवढा वाढला, की टपालखात्याने त्यांच्या घरासमोर स्वतंत्र पत्रपेटी बसवली. दहा वर्षांत पुरे होईल असे वाटलेले काम पाच वर्षांनी, १८८४मध्ये, पहिला भाग निघाला तेव्हा जेमतेम ‘अँट’ या शब्दापर्यंत आले होते. संपूर्ण कोश १९२८मध्ये पुरा झाला. त्यात ४,१४,८२५ शब्द आणि १८ लाखांहून अधिक अवतरणे आहेत. जमा झालेल्या चिठ्ठ्या मात्र ५० लाखांच्या घरात होत्या. म्हणजे धाडलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्याहून अधिक छापल्याच गेल्या नाहीत. चिठ्ठी पाठवणे आणि चिठ्ठी उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

चांगली चिठ्ठी कोणती?

चिठ्ठी साधारण सहा इंच लांब व चार इंच रुंद असे. डाव्या कोपऱ्यात शब्द, त्याखाली ग्रंथाचे वर्ष, लेखक, ग्रंथनाम आणि पृष्ठांक, आणि मग ते वाक्य जसेच्या तसे. यातली एक गोष्ट चुकली किंवा वगळली, तरी चिठ्ठीची किंमत उतरत असे. पृष्ठांक नसेल तर संपादकांना मूळ ग्रंथ पुन्हा धुंडाळावा लागे. वर्ष चुकले तर शब्दाचा सारा इतिहासच चुकीचा ठरे.

परंतु मोठी अडचण निराळीच होती. वाचकांचा कल दुर्मीळ आणि चमत्कारिक शब्दांकडे असे. रोजच्या वापरातला शब्द लिहून पाठवावा, असे फारसे कोणाला वाटत नसे. आधीच्या काळात जमलेल्या चिठ्ठ्या मरे यांनी तपासल्या, तेव्हा ‘ॲब्यूजन’ या प्रचारातून गेलेल्या शब्दाची सुमारे ५० अवतरणे निघाली आणि ‘ॲब्यूज’ या सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दाची पाचही निघाली नाहीत. मग साध्या शब्दांची अवतरणे शोधण्यात संपादकांना स्वतःचा अमोल वेळ घालवावा लागला. नव्या आवाहनात मरे यांनी साध्या शब्दांचीही अवतरणे मुद्दाम मागितली. जे काम डोळ्यांत भरते ते सगळेच करतात. जे अडले आहे ते ओळखून करणारा विरळा असतो, हा धडा या चिठ्ठ्यांनी दिला.

मान देण्याच्या पायऱ्या

पैसा देणे शक्य नव्हते, त्यामुळे मरे यांच्याजवळ मान देण्याची साधने मोजकीच होती. त्यांतले पहिले साधन म्हणजे छापील नामनिर्देश. वाचकांची नावे आणि त्यांनी पाठवलेल्या अवतरणांची संख्या त्यांनी याद्यांतून जाहीर केली. त्यांत लंडनचे थॉमस ऑस्टिन यांच्या नावापुढे १,६५,००० आणि विल्यम डग्लस यांच्या नावापुढे १,३६,००० असे आकडे आहेत. नोकरीधंदा सांभाळून सवडीने वाचणाऱ्या माणसाला जगाच्या विद्वत्तेच्या दरबारात आपले नाव छापलेले दिसणे, हे त्या काळी लहानसहान पारितोषिक नव्हते.

दुसरे साधन अधिक महत्त्वाचे होते, ते म्हणजे जबाबदारीची बढती. ज्याच्या चिठ्ठ्या नेमक्या आणि निर्दोष असत, त्याच्याकडे पुढे एखाद्या अक्षराच्या चिठ्ठ्या अर्थानुसार लावण्याचे उपसंपादकाचे काम येई. त्यातही जो उतरे त्याला छपाईपूर्व मुद्रिते तपासायला पाठवली जात. पैसा या पायरीवरही नव्हता. परंतु संपादक ज्याचा शब्द मानतात अशांत आपली गणना होते, हे त्या माणसाला कळत असे.

याची दुसरी बाजूही होती. स्वयंसेवकांच्या नोंदी मरे वह्यांमधून ठेवत. या वह्यांच्या आधारे सारा ओगिल्व्ही यांनी २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुमारे तीन हजार स्वयंसेवकांचा माग काढला आहे. त्या वह्यांत कौतुकाबरोबरच, काम अंगावर घेऊन ते न करणाऱ्यांविषयीचे कडवट शेरेही आहेत. मरे यांचा मान स्वस्त नव्हता, म्हणूनच त्याला मोल होते.

दोन मानकरी

या व्यवस्थेत सर्वोच्च आदर मिळवणाऱ्यांपैकी एकाचा संबंध भारताशी येतो. फिट्झएडवर्ड हॉल हे मूळचे अमेरिकन. ते १८४६मध्ये भारतात आले आणि पुढे बनारसच्या सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले. संस्कृत ग्रंथाचे संपादन करणारे पहिले अमेरिकन म्हणून त्यांचा उल्लेख होतो. १८५७च्या उठावात ते मध्य भारतातील सागरच्या किल्ल्यात वेढ्यात अडकले होते. नंतर लंडनमध्ये संस्कृतचे प्राध्यापक झाले. पण १८६९च्या सुमारास विद्वानांमधील एका कडवट वादानंतर त्यांनी पद आणि प्रतिष्ठा दोन्ही गमावले व सफकमधील एका खेड्यात एकांतवास पत्करला. तेथे त्यांनी मरे यांच्या कोशाचे काम हाती घेतले. अवतरणे पुरवणे आणि मुद्रिते बारकाईने तपासणे यासाठी रोज सुमारे चार तास, असा क्रम त्यांनी १९०१मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ वीस वर्षे चालवला. मरे यांनी त्यांच्याविषयीची कृतज्ञता वेळोवेळी जाहीरपणे व्यक्त केली. या दोघांची प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही.

दुसरे मानकरी डॉ. विल्यम मायनर. अमेरिकी सैन्यातील या शल्यविशारदाने १८७२मध्ये लंडनमध्ये भ्रमिष्ट अवस्थेत एका निरपराध कामगाराचा गोळी घालून खून केला. वेडसरपणामुळे न्यायालयाने त्यांना दोषमुक्त ठरवले आणि ब्रॉडमूर येथील मनोरुग्णालयात बेमुदत स्थानबद्ध केले. तेथील आपल्या कोठडीत त्यांनी जुन्या ग्रंथांचा मोठा संग्रह जमवला आणि १८८०नंतर कोशासाठी काम सुरू केले. त्यांची पद्धत इतरांहून वेगळी होती. ते पुस्तक वाचताना त्यातील शब्दांची पृष्ठांकांसह सूची करून ठेवत. मग संपादकांना पत्राने विचारत, की सध्या तुम्ही कोणत्या शब्दांवर काम करीत आहात? उत्तर आले, की सूचीतून नेमकी तीच अवतरणे काढून पाठवत. त्यामुळे त्यांची चिठ्ठी खणात वर्षानुवर्षे पडून राहत नसे, ती आली की कामाला येई.

अवतरणांच्या एकूण संख्येत मायनर यांनी ऑस्टिन किंवा डग्लस यांची बरोबरी केली नाही. तरीही १८९९मध्ये मरे यांनी जाहीरपणे सांगितले, की केवळ मायनर यांच्या अवतरणांवरून गेल्या चार शतकांचा शब्दव्यवहार सहज दाखवता येईल. मरे १८९१पासून त्यांना भेटायलाही जात. समाजाने कायमचे दूर ठेवलेल्या माणसाला कामाच्या गुणावर मिळालेला हा मान होता. त्याने मायनर यांचा आजार बरा झाला नाही आणि मारल्या गेलेल्या माणसाच्या कुटुंबाचे दुःखही कमी झाले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सज्जात बसलेल्या स्त्रिया

मान वाटण्याच्या या व्यवस्थेत उणिवाही होत्या. एडिथ थॉम्पसन या इतिहासलेखिका आणि त्यांची बहीण यांनी मिळून १५ हजार अवतरणे पाठवली. पुढे वर्षानुवर्षे मुद्रितेही तपासली. मरे यांच्या मुलांनी लहानपणापासून चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावल्या. त्यांच्यापैकी रोझफ्रिथ या पुढे कोशाच्या कार्यालयात दीर्घकाळ काम करीत राहिल्या. या स्त्रियांचे ऋण प्रस्तावनांतून मान्य झाले. परंतु ६ जून १९२८ रोजी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये कोशपूर्तीचा भव्य भोजनसमारंभ झाला आणि पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांचे गौरवाचे भाषण झाले, तेव्हा मेजावर केवळ पुरुष होते. कोशासाठी राबलेल्या मोजक्या स्त्रियांना सज्जात बसून तो सोहळा पाहावा लागला.

खुद्द मरे यांच्या वाट्यालाही मान उशिराच आला. त्यांना १९०८मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. ज्या ऑक्सफर्डचे नाव त्यांनी जगभर नेले, त्या विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९१४मध्ये. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. कोश तेव्हा ‘टी’ अक्षरापाशी होता.

आपल्याकडचा अनुभव

हा प्रश्न मराठीलाही परका नाही. १८३१मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७मध्ये सुधारून वाढवलेल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या शीर्षकपृष्ठावर मोल्सवर्थ आणि त्यांचे साहाय्यक कँडी बंधू यांची नावे आहेत. ज्या शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने हे काम उभे राहिले, त्यांची नावे तेथे नाहीत. आज आपण सरसकट ‘मोल्सवर्थ पाहा’ असे म्हणतो. शास्त्र्यांची नावे अभ्यासकांपुरती उरली आहेत. याउलट वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने नोंदीखाली लेखकाचे नाव छापण्याची पद्धत ठेवली. नाव छापायला जागा लागते ती अर्ध्या ओळीची. पण लिहिणाऱ्याची जबाबदारी आणि त्याचा मान त्या अर्ध्या ओळीत एकत्र येतात.

ऑक्सफर्ड कोशाच्या स्वयंसेवकांची गोष्ट यासाठी लक्षात ठेवावी. त्यांच्यापैकी ज्यांना मान मिळाला, त्यांनी तो मागितला नव्हता. कामात नेमके काय अडले आहे, हे त्यांनी विचारले आणि तेवढेच चोख करून पाठवले. पण केवळ त्यांच्या गुणावर हे भागले नसते. आलेली प्रत्येक चिठ्ठी कोणाच्या हातची, हे पाहणारा आणि ते लिहून ठेवणारा एक संपादक पलीकडे बसलेला होता. त्याने वह्या लिहिल्या नसत्या, तर चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या असत्या. त्या लिहिणारी माणसे उरली नसती.